पेढ्याचा कंटाळा

आमच्या पेढ्याने आतापर्यंत खाल्लेल्या वस्तू अशा: टीव्हीचा एक रिमोट, डाव्या पायाच्या चार चपला (उजव्या पायाची एकही नाही), दिवाणाचा एक पाय, शेजाऱ्यांचं पायपुसणं आणि माझ्या हयातीच्या दाखल्याचा खालचा अर्धा भाग. वरच्या अर्ध्यावर माझं नाव होतं, ते त्याने राहू दिलं. मी हयात असल्याचा मजकूर तेवढा त्याच्या पोटात गेला.

पेढा हा लॅब्राडोर. रंग थेट साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा, म्हणून निखिलने हे नाव ठेवलं. निखिल म्हणजे आमचा मुलगा. बंगळूरला नोकरी लागली तेव्हा "बाबा, घर मिळेपर्यंत तीन महिने सांभाळा" म्हणून तो याला आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सोडून गेला. त्याला दीड वर्ष झालं. बंगळूरमध्ये घरांची टंचाई भयंकर असावी. नावामुळे आमची जी पंचाईत होते ती वेगळीच. दहावीचा निकाल लागला की लोक डबा घेऊन दारात येतात आणि म्हणतात, "काका, पेढा घ्या." मी घ्यायच्या आत पेढा स्वतः येऊन घेतो. एकदा तर डब्यासकट.

दाखल्याच्या प्रकरणानंतर मी त्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी दात पाहिले, पोट दाबलं, कान उलटे करून आत डोकावले आणि सांगितलं, "याला काही झालेलं नाही. याला कंटाळा आलाय."

मी हबकलोच. आमच्या लहानपणी कंटाळा हा आजार नव्हता. म्हणजे यायचा, पण तो सांगायची सोय नव्हती. आईच्या कानावर "कंटाळा आला" हे दोन शब्द पडले, की ती वर न बघता तांदळाचं ताट पुढे सरकवायची. "ये, निवडायला बस." मावळातला तांदूळ, त्यात खडे, भाताचे दाणे, सोंडे, काय वाटेल ते असायचं. ताट संपेपर्यंत कंटाळा पळालेला असायचा आणि पाठीला रग लागलेली असायची. ही आई आता शहाऐंशी वर्षांची आहे, आमच्याकडेच असते, आणि डॉक्टरांचं निदान मी घरी येऊन सांगितलं तेव्हा म्हणाली, "कुत्र्याला कंटाळा? मग राखण कोण करतं?"

प्रश्न बिनतोड होता. राखण सोसायटीचा वॉचमन करतो. लॅब्राडोरच्या पूर्वजांचा इतिहास मी नंतर वाचला. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर ते कोळ्यांबरोबर बर्फासारख्या पाण्यात उड्या मारायचे, दोर ओढायचे, गळातून निसटलेले मासे तोंडात धरून परत आणायचे. पुढे इंग्लंडातल्या सरदार लोकांनी त्यांना नेलं आणि बंदुकीने पाडलेली पाखरं आणायच्या कामाला लावलं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या या जमातीने 'जा आणि आण' एवढीच नोकरी केलेली. अशा घराण्यातला वारस तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत आणून ठेवला. इथे आणण्यासारखं काय आहे? दूध दारात येतं, भाजी दारात येते, माणसं मोबाईलवर बोट फिरवून औषधंसुद्धा दारात आणवतात. त्याने चपला आणल्या. आम्ही ओरडलो, म्हणून खाल्ल्या.

निखिलला व्हिडिओ कॉलवर हे सांगितलं तर तो जराही चकित झाला नाही. "बाबा, त्याला एनरिचमेंट कमी पडतंय."

"म्हणजे काय?"

"म्हणजे त्याचं आयुष्य समृद्ध करायला हवं."

"समृद्ध?" ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "तो नागपूरचा महामार्ग?"

मुंबई ते नागपूर 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग पुरा व्हायला 2025 चा जून उजाडला. पेढ्याची समृद्धी त्यामानाने लवकर आली. दोन दिवसांत खोक्यातून. सोबत निखिलची एक एक्सेल शीट, पाच रकान्यांची: खाणं, वास, शरीर, डोकं, संगत. रोज प्रत्येक रकान्यात एक तरी टिकमार्क पडायला हवा. चौतीस वर्षं मी बँकेत नोकरी केली, पण इतके कडक टार्गेट मला कुठल्याही साहेबाने दिले नव्हते.

एनरिचमेंटची ही कल्पना मुळात प्राणिसंग्रहालयांतली. पिंजऱ्यातला वाघ या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात दिवसभर येरझारा घालतो, ते ऐटीने नव्हे, वैतागाने, हे शास्त्रज्ञांनी ओळखलं. 1970 च्या दशकात अमेरिकेत पोर्टलंडच्या प्राणिसंग्रहालयात हॅल मार्कोविट्झ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने गिबन वानरांच्या पिंजऱ्यात खटके बसवले. एका टोकाला खटका ओढायचा आणि झोके घेत दुसऱ्या टोकाला जाऊन खाऊ घ्यायचा. वानरं एकदम कामाला लागली. याच्याही आधी, 1963 साली, ग्लेन जेन्सनने उंदरांवर प्रयोग करून एक विलक्षण गोष्ट दाखवली होती. शेजारी फुकट खाण्याची वाटी भरून ठेवलेली असताना उंदीर उठून जायचे आणि दांडी दाबून दाबून, कष्टाचं खायचे. आयतं समोर असताना! पुढे हाच प्रकार पुष्कळ प्राण्यांत दिसला. मांजरं मात्र याला अपवाद. त्यांच्यावर अलीकडे प्रयोग झाला तेव्हा त्यांनी सरळ वाटीतलं आयतं खाणं पसंत केलं. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांना हे कळायला प्रयोगाची गरज नव्हती.

तर खोकं उघडलं. आतून निघालेली पहिली वस्तू एक जाडजूड गोधडीसारखी चटई. तिला कापडाच्या शेकडो चिंध्या उभ्या शिवलेल्या. नाव स्नफल मॅट. किंमत चौदाशे रुपये. त्या चिंध्यांत कोरड्या खाण्याचे दाणे विखरून टाकायचे आणि कुत्र्याने नाक खुपसून एकेक दाणा हुडकायचा. मी दाणे टाकले, पेढा नाक फुरफुरवत कामाला लागला, आणि वीस मिनिटं घरात अशी शांतता पसरली की ही बघायला बाहेर आली. आई खुर्चीतून वाकून बराच वेळ त्याचं काम न्याहाळत राहिली.

"निवडायला बसवलंय होय त्याला?" ती म्हणाली.

चौदाशे रुपये. निवडायला बसवण्याचे.

दुसरी वस्तू, पोकळ रबरी भोवऱ्यासारखं खेळणं, काँग. याची जन्मकथा मला फार आवडली. कोलोरॅडोत ज्यो मार्कहॅम नावाच्या गृहस्थांचा फ्रिट्झ नावाचा जर्मन शेफर्ड होता. तो दगड चावायचा आणि त्यापायी दात झिजवून घ्यायचा. मार्कहॅम एकदा जुनी फोक्सवॅगन बस दुरुस्त करत होते. तिच्या सस्पेन्शनमधला एक रबरी तुकडा त्यांनी बाजूला टाकला आणि फ्रिट्झने दगड सोडून तो धरला. त्यातून 1976 साली कंपनी निघाली. आमच्या पेढ्यानेही माझ्या स्कूटरचं सीट कुरतडलं आहे, पण त्यातून अजून तरी काही निघालेलं नाही, स्पंजाशिवाय.

या काँगमध्ये काहीतरी मऊसर भरून ते फ्रीजरमध्ये गोठवायचं, म्हणजे चाटून संपवायला त्याला अर्धा तास लागतो. भरायचं काय, याची जबाबदारी हिच्याकडे आली. लाल भोपळा उकडून, दह्यात कालवून, वर पोळीचा चुरा. मीठ नाही, साखर नाही, फोडणी नाही. कांदा चालत नाही, चॉकलेट चालत नाही, द्राक्षं आणि बेदाणे तर कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, म्हणून नाशिकहून आलेली करंडी आता कपाटाच्या माथ्यावर असते. फ्रीजरमध्ये उकडीच्या मोदकांच्या शेजारी पेढ्याच्या पुढच्या आठवड्याची बेगमी रचलेली असते. एका रात्री दीड वाजता मला भूक लागली. अंधारात श्रीखंडाच्या डब्यावर हात पडला. पाच-सहा चमचे झाल्यावर संशय आला. सकाळी हिने डबा पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "अगं, बरं होतं. मला डॉक्टरांनी असंच खायला सांगितलंय."

तिसरी वस्तू म्हणजे लाकडी कोड्याची पाटी. तिच्यात खण, खणांवर सरकत्या झाकण्या, काही झाकण्या फिरवल्यावरच सरकणाऱ्या. पहिल्या दिवशी पेढ्याला चौदा मिनिटं लागली. दुसऱ्या दिवशी सहा. तिसऱ्या दिवशी चाळीस सेकंद. चौथ्या दिवशी त्याने पाटीकडे एकदा पाहिलं, कड दातात धरली आणि पाटी उलटी केली. पद्धत नियमबाह्य होती, पण हिशेब बरोबर आला. बँकेत आमच्याकडे असे दोघंजण होते. दोघेही पुढे चीफ मॅनेजर झाले. अमेरिकेतल्या चेसर नावाच्या बॉर्डर कोलीला हजारावर खेळण्यांची नावं पाठ होती, असं मी निखिलला कौतुकाने सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, पेढ्याला एकच नाव शिकवायचं ठरवलं तरी ते खाण्याचं असेल." त्यात तथ्य आहे. केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी 2016 साली शोधून काढलं की, साधारण चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळालेला असतो, आणि त्यामुळे त्याची भूक भागतच नाही. बाकीच्या तिघांचं काय, ते त्यांनाच ठाऊक. पेढा चारही जणांचं एकटा खातो.

आता वासाचा रकाना. यात मात्र माझं पुरतं नुकसान झालं आहे. पूर्वी मी रोज सकाळी टेकडीवर जायचो, मनगटावरच्या घड्याळात सहा हजार पावलं मोजून परत यायचो. एक्सेल शीटप्रमाणे आता आमचं फिरणं 'वासाचं' आहे. म्हणजे कुत्रा नेईल तिकडे जायचं, थांबेल तिथे थांबायचं, दोरी ओढायची नाही. परवा पन्नास मिनिटांत आम्ही चारशे पावलं चाललो. त्यातली बावीस मिनिटं एका विजेच्या खांबाला दिली.

आधी मला वाटायचं, खांबात काय एवढं हुंगण्यासारखं आहे? मग लक्षात आलं की, माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख, आणि कुत्र्याच्या नाकात वीस ते तीस कोटी. आपल्याला जो नुसता खांब दिसतो, तो त्याच्या लेखी सातबारा असतो. जमीन कोणाच्या नावे, कब्जेदार कोण, इतर हक्कांत कोणाकोणाची नोंद आहे, रात्रीत फेरफार कोणी घातला, सगळं त्यावर आहे. पेढा तो तलाठ्याच्या सबुरीने वरपासून खालपर्यंत वाचतो, मध्येच एखाद्या ओळीवर परत येतो, आणि शेवटी तंगडी वर करून आपली हरकत नोंदवतो. हे चालू असताना दोरीचं दुसरं टोक धरून मी उभा असतो. जाणारे-येणारे मला नमस्कार करतात. नाव कोणालाच माहीत नाही. मी 'पेढ्याचे आजोबा' म्हणून ओळखला जातो.

वास घेणं हे कुत्र्याला मनानेही मानवतं म्हणे. अलेक्झांड्रा होरोविट्झ या संशोधिकेने सहकारिणीबरोबर केलेला एक प्रयोग 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. काही कुत्र्यांना दोन आठवडे वासाने खाऊ शोधायला लावलं, काहींना मालकाच्या पायाशी शिस्तीत चालायला शिकवलं. मग दोघांपुढे अशा जागी वाटी ठेवली, की ती भरलेली की रिकामी हे सांगता येऊ नये. हुंगणारे कुत्रे आधीपेक्षा वेगाने तिच्याकडे गेले. म्हणजे ते आशावादी झाले होते. हे वाचल्यावर सोसायटीच्या वार्षिक सभेआधी सगळ्या सभासदांना अर्धा तास काहीतरी हुंगायला लावावं असं मी सुचवणार होतो.

घरातही वासाचे खेळ असतात. बिस्किटाचे तुकडे लपवायचे आणि "शोध!" म्हणायचं. पहिल्या आठवड्यात मी इतक्या उत्साहाने लपवले, की काही मलाच सापडले नाहीत. ते मुंग्यांना सापडले. पण पेढा तरबेज होत गेला, आणि एका रविवारी, निखिल व्हिडिओ कॉलवर बघत असताना, मी ऐटीत "शोध!" म्हटलं. पेढा तडक माझ्या पुस्तकांच्या कपाटाकडे गेला. बिस्किट मी तिथे ठेवलंच नव्हतं. "चुकतोय," मी घाईघाईने म्हणालो. पेढा चुकत नव्हता. 1990 ते 1998 च्या दिवाळी अंकांसमोर तो ताठ बसला, शेपटीने जमीन झाडू लागला आणि हिच्याकडे बघून एकदाच भुंकला. हिने अंक बाजूला केले. मागे भडंगाचं पाकीट, अर्धा किलो फरसाण आणि काजुकतलीचा खोका. मला मधुमेह आहे. पुढचा संवाद इथे देत नाही. "वा, पेढ्या!" एवढं निखिल म्हणाल्याचं आठवतं. त्या दिवशी वासाच्या रकान्यात हिने स्वतःच्या हाताने तीन टिकमार्क केले.

शरीराच्या रकान्यासाठी मी लाल चेंडू आणला होता, हिरवळीवर उठून दिसावा म्हणून. पेढा त्याच्या शेजारून तीनदा गेला. कुत्र्याला निळा आणि पिवळा नीट दिसतो, लाल-हिरव्यात त्याला फरक करता येत नाही, हे नंतर कळलं. आता चेंडू निळा आहे. तो आणून देण्याचं काम पेढा दोनदा करतो, तिसऱ्यांदा माझ्याकडे असं पाहतो की मीच जाऊन आणतो. दिवसाकाठी त्यामुळे माझी सहा हजार पावलं भरतात. संगीताला शीटमध्ये रकाना नाही, पण स्कॉटलंडमध्ये कुत्र्यांना निरनिराळं संगीत ऐकवून पाहिलं, तर सॉफ्ट रॉक आणि रेगे त्यांना सर्वांत मानवलं. आमच्याकडे सकाळी नाट्यसंगीत लागतं. पेढा त्यात झोपतो. निखिलही लहानपणी झोपायचा.

आमच्या गल्लीत एक काळ्या आहे. गावठी, एका कानाचा टोकाचा तुकडा कापलेला, म्हणजे महापालिकेच्या नसबंदीतून गेलेला. पेढ्याला घेऊन खांबाशी उभा असताना मी त्याचा दिनक्रम पाहतो. सहाला कचऱ्याच्या गाडीचं स्वागत, नाक्यापर्यंत तिच्यामागे धाव. सातला चहाच्या टपरीवर खारीचा हप्ता. आठला शाळेच्या बसला सलामी. मग चिकनच्या दुकानासमोर धरणं. दुपारी वाळूच्या ढिगात खड्डा खणून गारव्यात झोप. संध्याकाळी पलीकडच्या गल्लीच्या टोळीशी हद्दीची बोलणी. रात्री गस्त. पाचही रकाने रोज भरतात, एक्सेल शीट लागत नाही, खर्च शून्य. मी हे निखिलला सांगून टाकलं, जरा खोचकपणेच.

पण पुढच्याच पावसाळ्यात काळ्याचा मागचा पाय एका गाडीखाली आला. बरा झाला, लंगडतो. तेव्हापासून मी त्याचा दाखला देत नाही. असल्या समृद्धीला चाकं फार जवळून चाटून जातात. त्याला आता पेढ्याचं उरलेलं भोपळा-दही मिळतं. संगतीच्या रकान्यात आम्ही ते लिहितो.

या सगळ्यात आईकडे कोणाचंच लक्ष नव्हतं. ती तिच्या खुर्चीत असायची. चहा हातात, औषध हातात, जेवणाचं ताट समोर. हिने आणि मी ठरवूनच टाकलं होतं की आता तिला काही करू द्यायचं नाही. दिवसातून चार वेळा ती विचारायची, "वाजले किती?" आणि माझा चष्मा कुठेतरी ठेवून द्यायची. एका दुपारी पेढा चटईत नाक घालून बसला होता. ती म्हणाली, "त्याला बरं रोज लपवून लपवून देता. मला मेलं सगळं हातात."

मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी तिच्यापुढे ताट ठेवलं आणि त्यात इंद्रायणीच्या पिशवीतले चार मुठी तांदूळ ओतले. तिने चष्मा लावला, ताट उजेडाकडे धरलं, बोटांनी तांदूळ पसरला, इकडून तिकडे सारला आणि पाच मिनिटांत ताट बाजूला केलं.

"यात खडाच नाही. निवडू काय, कपाळ?"

खरंच होतं. हल्लीचा तांदूळ यंत्रातून निवडूनच येतो. म्हणून तिसऱ्या दिवसापासून ताट देण्याआधी मी स्वयंपाकघरात पाठ करून त्यात खडे मिसळू लागलो. कुंडीतले बारीक, धुऊन, पुसून. मोजून सहा. मोजायलाच हवेत, एखादा राहिला तर रात्री भातात माझ्याच दाताखाली यायचा. चार वाजता पेढा चटईवर बसतो, आई ताट घेऊन शेजारी, आणि अर्धा-पाऊण तास घरात कोणी कोणाला वेळ विचारत नाही. निवडलेला खडा ती खुर्चीच्या हातावर ठेवते. पेढा तो हुंगतो, नापसंत करतो, परत आपल्या कामाला लागतो.

आठवड्याने तिने एक खडा चिमटीत धरून मला दाखवला. "हा कुंडीतला आहे. तांदळातला खडा असा नसतो. तांदळाच्याच रंगाचा असतो, मेला लपून बसतो." आणि ताट पुन्हा मांडीवर ओढलं. मी तेव्हापासून पांढरे खडे शोधतो. सकाळी, खांबाशी उभा असताना, तेवढंच काम.

काल मी नेहमीप्रमाणे मोजून सहा टाकले होते. तिने सात काढले.